पितळी खुंट्या

चहा इतका कढत होता की रामहरी सरांच्या पत्नी गीताबाईंनी स्टीलचा पेला पदराच्या चिमटीत धरून आणला आणि तो टेकवायला जागा शोधू लागल्या. सत्यभामेने तो त्यांच्या हातून सरळ तळहातात घेतला, त्याच्याभोवती दुसऱ्या हाताची बोटे वळवली आणि ती बोलत राहिली. सरांचे तिच्या बोलण्यावरचे लक्ष उडाले. तापलेला पेला हाती आला की माणूस तो काठाशी धरतो, या हातातून त्या हातात घेतो, फुंकर घालतो, नाहीतर काही निमित्त काढून खाली ठेवतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. सर त्या हालचालीची वाट पाहू लागले. यंत्र सुरू केल्यावर ठरलेला आवाज यायला हवा आणि तो येऊ नये, तसे त्यांना झाले. सत्यभामा सांगत होती की मलेशियात रोज पाऊस पडतो. "रोज म्हंजे रोज, सर. दुपार कलली की आलाच. नळाला कवाबी पानी. आमी दोनदोनदा अंगुळ करायचो अन् मंग लाज वाटायची, की हिकडं लेकरं टँकरमागं पळायलीत." पेल्यातली वाफ तिच्या पेरांवरून वर चढत होती.

"पोळेल. खाली ठेव तो," सर म्हणाले.

तिने आपल्या हाताकडे पाहिले. दुसऱ्याचे मूल न सांगता आपल्या मांडीवर येऊन बसावे आणि ते कोणाचे हे आठवू नये, तसे पाहिले. मग जमिनीचा अंदाज डोळ्यांनी घेत तिने पेला सावकाश खाली ठेवला आणि पदर तळहातावर ओढून घेतला. तेवढ्यात दिसायचे ते दिसले होते. तळहात लालबुंद झाला होता. गीताबाई आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या.

सत्यभामा पाली गावची. सासरा धुळाजी मेंढरे राखणारा, दोन्ही मुलगे थोडी कोरडवाहू जमीन कसणारे आणि दसरा झाला की बायकांसह ऊसतोडीला जाणारे. एकदा भरलेल्या गाडीचे चाक तिचा नवरा बंकट याच्या पायावरून गेले आणि त्या घरातला एक कोयता मोडला. तोडणीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो; तो तोडतो, ती मोळी बांधते. एकट्या बाईला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि अर्धा कोयता सहसा नेत नाही. पुढे पाऊसच हरवला. बिंदुसरेच्या तलावात तळाच्या चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, मेंढरे मिळेल त्या भावाने गेली, आणि अशा वेळी तिथले पुढारी मोहनराव यांच्या महिला औद्योगिक सहकारी संस्थेने मलेशियातल्या एका कारखान्याशी करार केला. संस्थेच्या अध्यक्ष कागदोपत्री विमलबाई, मोहनरावांच्या पत्नी. सभेला त्या येत, पहिल्या रांगेत बसत आणि मोहनराव त्यांच्या वतीने सर्वांचे आभार मानीत. बंद पडलेल्या तेलघाण्याच्या शेडमध्ये ही संस्था एकेकाळी ट्यूबलाइटच्या चोकसाठी तारेची गुंडाळी करून देई. ते काम बसवून दिले होते रामहरी सरांनी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झाल्यानंतर. चोकचा जमाना गेला. बायकांची बोटे मात्र तयार झालेली राहिली, आणि त्या बोटांना गिऱ्हाईक निघाले. मोबाइल फोनच्या पडद्याच्या काचा पुसण्याचे आणि तपासण्याचे काम. दहावी झालेल्या बायका पाहिजेत, हात हलका पाहिजे. हात हलका आहे हे कसे ठरवायचे, असे मोहनरावांनी विचारले तेव्हा सरांनी आपल्या हाताने एक पाटी तयार केली होती: काळ्या बेकेलाइटचा पत्रा, त्यात ओळीने पाडलेली बारीक भोके, आणि लेथवर काढलेल्या पितळी खुंट्या. ठरल्या वेळात सगळ्या खुंट्या बसवायच्या. पाटी उत्तम झाली होती. औरंगाबादच्या तंत्रनिकेतनातले त्यांचे कार्यशाळेचे शिक्षक असते तर त्यांनीही भोकांवरून नख फिरवून समाधानाने मान हलवली असती.

कराराची पहिली मुदत संपवून बायका महिनाभरासाठी परतल्या होत्या. पुन्हा जायचे तर पुन्हा पाटी. सत्यभामा त्याचेच विचारायला आली होती.

"सोमवारी मी अन् मनकर्णा एकदमच बसलो तर चालंल का, सर? आमी दोघींनी मिळून एक पाटी भरली तर?"

मनकर्णा तिची धाकटी जाऊ. "परीक्षा एकेकीची असते," सर म्हणाले.

"आमचा एकच कोयता हाय, सर. तिथं बी तसंच केलंय आमी."

मग हळूहळू, गीताबाई तळहाताला तेल लावत असताना, तिने सांगितले. आधी काचा पुसायला एक औषध होते, ते वाळायला वेळ घ्यायचे. मग दुसरे आले. "पान्यावानीच दिसायचं. वास पेट्रोलवानी, पर गोड. हातावर घेतलं की बरफ, अन् फुंकर घालायच्या आत उडून जायचं. काम लई भरभर व्हायलं, सर. सायेब खूश." हातमोजे होते, पण ओले झाले की काच निसटायची. खिडक्या नव्हत्या, धूळ आत येऊन काचेवर बसू नये म्हणून सगळे बंद. पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तिकडे पावसाळा वेगळा नसतोच, पण इकडच्या दिवाळीच्या सुमारास, सत्यभामेच्या बोटांची टोके झोपली. "मुंग्या न्हाईत, दुखनं न्हाई. नुसती झोपली. म्या मनकर्णेला सांगितलं. ती म्हनली, गप बस, बोलू नगंस, मी पुसते, तू नुसतं डाग बग. मंग ती दोघींच्या काचा पुसायची अन् मी डोळ्यानं तपासायची. काम एक दिस कमी पडू दिलं न्हाई आमी. कुनाला कळलं सुदिक न्हाई." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. तोडीवर एक जोडीदार तापाने फणफणला तर दुसऱ्याने त्याच्या वाटणीचा ऊस पाडायचा आणि मुकादमाला खाडा कळू द्यायचा नाही, ही त्यांच्या टोळ्यांतली सभ्यता होती. ती त्यांनी समुद्रापार नेली होती.

"आणि मनकर्णेची बोटे?" सरांनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते. दोघींच्या वाटणीचे ते द्रव एकीच्याच हातावरून गेले होते.

"माझ्यामागून तिची बी झोपली. पर उशिरा."

"कोणी विचारायला आले नाही तिथे? काम कसे आहे, तब्येत कशी आहे?"

"आल्ती की एक बाई. लई चांगली बाई. ज्येंचे ते फोन, त्या कंपनीची. सोबत हिंदी बोलनारा माणूस. एकेकीला बाजूला घेऊन इचारलं. आमी समद्यांनी सांगितलं, अच्छा है."

"कावून?" गीताबाई एकदम म्हणाल्या. एरवी त्या सरांच्या देखत असे बोलत नसत.

"मुकादम बगत असल्यावर कोन सांगंल, काकू?"

"मुकादम होता का तिथे?"

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. "पर असतोयच की कुटं तरी."

ती गेल्यावर सर ओसरीतल्या खुर्चीवर येऊन बसले. गल्लीत टँकर आला होता, बायका घागरींसाठी एकमेकींची उणीदुणी काढत होत्या, आणि सर मनाने तंत्रनिकेतनातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभे होते. लांबट मानेच्या बाटल्या, त्यांवर शिक्षकांच्या वळणदार अक्षरातली नावे. त्यातल्या एका बाटलीचे बूच काढून शिक्षक म्हणाले होते, लांबून हुंगा, हाताने वारा घेऊन हुंगा, नाक खुपसू नका. हेक्झेन. ग्रीज काढायला उत्तम, वाळते झपाट्याने, मज्जातंतूंना वाईट. तीन गोष्टी एका दमात सांगून त्यांनी बूच लावले होते, आणि विद्यार्थ्यांनी तिन्ही एकाच ओळीत लिहून घेतल्या होत्या, तिसऱ्याखाली रेघ न मारता. स्पिरिटने काच पुसली तर वाळायला थोडा वेळ लागतो. हेक्झेनने पुसली तर लागत नाही. दोन द्रवांच्या वाळण्यातला तो फरक. एखाद्या माणसाने श्वास घ्यावा एवढा. कुठल्या तरी थंडगार खोलीत कुणी तरी, बहुधा आपल्यासारखाच पदविकाधारक, पद्धतशीर स्वभावाचा, घड्याळ लावून तो फरक मोजला असणार, दिवसाच्या काचांनी गुणला असणार, आणि उत्तर वरच्या साहेबाकडे पाठवले असणार. त्यात चूक काही नसणार. सरांना त्या माणसाची चीड यायला हवी होती. त्याऐवजी त्यांना त्याची टिपणवही डोळ्यांसमोर दिसली, समास सोडलेली आणि स्वच्छ.

"तुम्ही तिला पास करणार?" गीताबाईंनी रात्रीच्या भाकरी थापताना विचारले.

"परीक्षा व्हायची आहे अजून."

"नापास केलं तर कोयता धरील ती. कुठं तरी अर्ध्या मजुरीवर जाईलच. ज्या हाताला चटका कळत नाही त्या हातात कोयता."

सर उठून कागद आणि पेन्सिल शोधू लागले. त्यांना एक वेगळीच गोष्ट सुचली होती आणि ती सुचल्याचा त्यांना आनंदही झाला होता. एखाद्या जुनाट मोटारीतला बिघाड नेमका कुठे आहे हे कळले की होतो तसला. पाटी जशी त्यांनी बनवली होती तशी ती या बायकांना पास करणार होती. डोळे उघडे असतील तर झोपलेली बोटेही खुंटी बसवतात. वेळ जरा जास्त लागतो इतकेच. सत्यभामेची बोटे तपासायची असतील तर तिचे डोळे काढून घ्यायला हवेत. आणि एकटीचे नव्हे, सगळ्यांचे. परतलेल्या प्रत्येकीचे मोजमाप, एकाच पद्धतीने, आणि त्याखाली कारण: हे द्रव बदला. सांगोवांगी कोणी ऐकणार नाही, पण मोजलेली गोष्ट नाकारता येत नाही, असे त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले होते.

सोमवारी शेडमध्ये मोहनराव आधीच येऊन बसले होते. सरांनी त्यांना सगळे सांगितले. मोहनराव ऐकत गेले, मधून बाहेर उभ्या असलेल्या बायकांकडे पाहत गेले. ते दुष्ट नव्हते. त्या वर्षी चारा छावणीत त्यांनी स्वतः उभे राहून वैरण वाटली होती आणि ती वाटताना कुणाची जात किंवा पक्ष विचारला नव्हता.

"सर, तुमी म्हनता ते खरंच असंल," ते म्हणाले. "कळवा की. मी कुटं न्हाई म्हनतो? पर एक सांगतो. त्येंला उद्या नेपाळच्या पोरी भेटत्यात, परवा अजून कुटल्या. हितं छावनी बंद व्हायची येळ आलीय. या बायांच्या पगारावर निम्मी पाली जेवायलीय. तुमचं ते औषध बदललं तर ठीक. अन् त्येंनी औषध न बदलता गावच बदललं तर?"

"मोजून दाखवले तर बदलावे लागेल त्यांना."

मोहनराव हसले. "तुमी रिटायर झालात, सर, पर तुमची फूटपट्टी काय रिटायर व्हायना."

बायका सतरंजीवर बसल्या. परदेश पाहून आलेल्या बायकांचा एक मोकळेपणा त्यांच्यात आला होता. नारळाच्या दुधातल्या भाताची नक्कल करून एकजण दुसरीला हसवत होती. सरांनी डोळे मिटायला सांगितले तेव्हा मनकर्णा म्हणाली, "डोळे मिटायला लावता, सर, आमची लग्नं लावताय का काय पुन्हा?" कोणी तरी म्हणाले, "लावू द्या, औंदा नवरा टँकरवाला बगा म्हनावं," आणि शेडच्या पत्र्यांना हसू धडकले. पहिलीने खुंटी उचलली, भोकाच्या शेजारी दाबली, ती निसटून शहाबादी फरशीवर पडली. पितळेचा आवाज बारीक आणि लांब जाणारा. दुसरीची पडली. तिसरीची. बायका एकमेकींच्या पडणाऱ्या खुंट्यांना हसत होत्या, मग कमी हसू लागल्या, मग एक वेळ अशी आली की शेडमध्ये फक्त खुंट्यांचाच आवाज येत होता. मनकर्णेच्या डोळ्यांवरच्या पापण्या थरथरत होत्या. तिने दोन बसवल्या आणि बाकीच्या मांडीत सांडल्या.

सत्यभामा शेवटी बसली. तिने डोळे मिटले नाहीत.

"तिथं डोळे मिटून काम करीत न्हाईत, सर."

"मला माहीत आहे. तरी मीट."

"तुमाला ठावं हाय मला काय झालंय. म्याच सांगितलं. मंग कशाला?"

"तुझ्या सांगण्याचा उपयोग नाही. ते दिसले पाहिजे."

तिने त्यांच्याकडे जे पाहिले ते त्यांना पुढे पुष्कळ दिवस टाळता आले नाही. तिच्या बघण्यात विनंती नव्हती, रागही नव्हता. आपण कुणाच्या तरी घरी मन मोकळे केले आणि ते चावडीवर ऐकू आले, तेव्हा माणूस असे पाहतो. मग तिने डोळे मिटले. तिच्या एकाही खुंटीचा आवाज झाला नाही. ती चिमटी खाली नेई, मिटी, वर उचली, भोकाचा अंदाज घेई, दाबी आणि पुढच्या खुंटीकडे वळे, शांतपणे, लयीत, कामाची सवय असलेल्या बाईच्या सफाईने. चिमटीत खुंटी नव्हती. ओळीमागून ओळ ती रिकामी चिमटी भोकांत बसवत गेली. मनकर्णेने पदर तोंडात धरला. सरांनी थांब म्हणायला हवे होते. पण वेळ पूर्ण झाल्याशिवाय मोजमाप ग्राह्य धरले जात नाही, म्हणून ते घड्याळाकडे बघत राहिले. संपल्यावर सत्यभामेने डोळे उघडले. खुंट्यांचा ढीग जसाच्या तसा होता. तिने पाटीवर तळहात ठेवला आणि हळूच काढून घेतला.

सरांनी अहवाल केला. पद्धत, निरीक्षण, संभाव्य कारण, उपाय. भाषा संयत ठेवली. विशेषणे एकूणएक काढून टाकली. मोहनरावांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकाने त्याचे इंग्रजी तपासून दिले आणि तो चेन्नईच्या एजंटामार्फत कारखान्याला आणि तिथून फोनवाल्या कंपनीला गेला. त्यानंतरच्या दिवसांत सर वेळी-अवेळी मनातल्या मनात कंपनीकडून येणाऱ्या उत्तराचा मसुदा तयार करीत. कधी ते क्षमायाचनेचे असे, कधी वाद घालणारे. वाद घालणाऱ्या पत्राला द्यायची उत्तरेही त्यांनी तयार ठेवली होती. आंब्यांना मोहोर आला होता आणि पाण्याविना गळून गेला होता. अंगणातल्या पेरूला त्या वर्षी त्यांनी अंघोळीचे सांडपाणी बादलीने घालून जगवले होते. बादली ओतताना त्यांना रोज पाऊस पडणारा तो देश आठवे, आणि त्या पावसातून खिडकी नसलेल्या इमारतीत रांगेने शिरणाऱ्या पालीच्या बायका.

मोहनराव घरी आले ते पेढे घेऊन. त्यांनी नवा फोन बाहीला पुसला आणि उत्तर वाचून दाखवले, अडखळत, मधून मराठीत सांगत. कंपनीने संस्थेचे मनापासून आभार मानले होते. इतक्या दूरच्या ग्रामीण भागात कामगारांच्या आरोग्याबद्दल एवढी शास्त्रीय आस्था पाहून त्यांना भरून आले होते. डोळे मिटून घेण्याची परीक्षा अत्यंत उपयुक्त असून ती यापुढे सर्व देशांतल्या भरती केंद्रांवर लागू करण्यात येत होती. ज्या महिलांच्या बोटांची संवेदना कमी आढळली, त्यांच्या प्रकृतीचा विचार करून त्यांना पुन्हा कामावर बोलावले जाणार नव्हते. त्यांच्या जागी तितक्याच नव्या महिला, याच परीक्षेतून निवडून, लवकरात लवकर पाठवाव्यात. संस्थेला प्राधान्य देण्यात येईल.

"द्रवाबद्दल?" सरांनी विचारले.

"ते त्येंचं ते बगतील म्हनं. चालू हाय त्येंचा इचार." मोहनरावांनी पेढा पुढे केला. "सर, गाव बदललं न्हाई त्येंनी. हे काय कमी हाय? मी तर तुमचा सत्कार ठेवनार हाय."

सरांनी पेढा घेतला. न घेण्याचे कारण त्या क्षणी त्यांना मांडता आले नाही. त्यांच्या अहवालातला एकही आकडा कुणी नाकारला नव्हता. सगळे आकडे मान्य झाले होते. चांगले धान्य खाली जावे आणि खडा वर राहावा म्हणून आपण चाळणीची जाळी बारीक करावी, आणि नंतर कळावे की खडे घडवण्याचाच कारखाना आहे आणि त्याला बारीक जाळीच हवी होती, तसे झाले होते. गीताबाईंनी पेढ्यांचा पुडा शेजारी देऊन टाकला.

नव्या निवडीच्या दिवशी सर शेडवर गेले ते ठरवून गेले. जाणे नाकारले असते तर मोहनरावांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवले असते. पाटी तर शेडवरच होती. म्हणून ते स्वतः बसणार होते आणि एकीलाही पास करणार नव्हते. आयुष्यात त्यांनी एका गुणाचीही अदलाबदल केली नव्हती. मांजरसुंब्याच्या एका पुढाऱ्याच्या भाच्याला नापास केल्याबद्दल त्यांची एकदा बदली झाली होती आणि ती बदली त्यांनी मनात पदकासारखी जपली होती. आता ते उघड्या डोळ्यांनी, शांत हाताने, खोटे लिहिणार होते. रस्त्यात त्यांना हलके वाटत होते.

दारातच सत्यभामा भेटली. सोबत एक सडसडीत मुलगी, दोन वेण्या, नुकतीच बारावी झालेली. "माझी नणंद, सर. तुळजा. पयल्यापास्नं म्याच शिकवलंय तिला. घरी डोळे बांधून, ज्वारीचे दाने येकेक करून शिशीत टाकायला लावलेत." मग आवाज खाली आणून, "माझं जे झालं ते झालं. हिला अडवू नका. आता घरात कमावनारं कुनी न्हाई."

सरांनी मुलीला बाजूला घेतले. त्यांनी तिला सगळे सांगितले, वर्गात सांगावे तसे, पायरीपायरीने. ते द्रव काय आहे, ते कातडीतून आणि श्वासातून कसे जाते, आधी काय होते, मग काय होते. सत्यभामेचे हात पुढे करून दाखवले. मुलीने मान डोलावत ऐकून घेतले.

"वैनींनी सांगितलंय समदं, सर. त्येंचं कुटं चुकलं ते बी सांगितलंय."

"कुठे चुकले?"

"मनकर्णा वैनींनी दोघींचं काम दोनी हातानं केलं. मी तसं न्हाई करनार." तिने आपले दोन्ही तळवे उघडून त्यांच्यापुढे धरले. "मुदत संपूस्तोवर निम्मं काम उजव्या हातानं, निम्मं डाव्या. एक हात काम करताना दुसरा लांब धरायचा. उजवा अन् डावा मिळून एक कोयता. एक जरी राह्यला तरी खूप झालं."

 सर टेबलामागे जाऊन बसले. मुली एकेक येऊन बसत गेल्या आणि त्यांनी प्रत्येकीच्या नावापुढे नापास लिहिले. काहींच्या दोनतीन खुंट्या पडल्या होत्या, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. मोहनराव मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते. तुळजा बसली, तिने डोळे मिटले, आणि पाटी भरली. एकही पडली नाही. सरांनी तिच्याकडे न पाहता सांगितले, "नापास."

"कावून?" ती म्हणाली.

"वेळ जास्त लागला."

"न्हाई लागला, सर. म्या मनात मोजलंय."

"दाब कमी आहे. खुंट्या नीट बसल्या नाहीत."

तिने पाटी उचलली, उलटी केली आणि सर्वांसमोर हलवली. एकही खुंटी हलली नाही. शेडमध्ये चुळबुळ झाली. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "मास्तर पैशे मागत असंल." दुसरी म्हणाली, "छा गं, म्हातारा चळलाय." मोहनराव उठून टेबलाशी आले आणि सरांच्या कानाशी वाकून अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, दमलात का? मी दुसरं कुनी बसवू?" सरांनी वर पाहिले. सत्यभामा भिंतीशी उभी होती. सरांचा डाव तिला कळला होता. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. शेडमधल्या सगळ्या माणसांत ती एकटीच त्यांच्यावर संतापली होती.

"पुन्हा घ्या माझी परीक्षा," तुळजा म्हणाली.

सर हलले नाहीत. मोहनरावांनीच पाटी सुलटी केली, मागून खिळ्याने ढकलून खुंट्या काढल्या, ढीग करून तिच्यापुढे ठेवला आणि सरांचे घड्याळ टेबलावरून उचलून स्वतःच्या हातात घेतले. तुळजेने डोळे मिटले. तेवढ्यावर तिचे समाधान होईना म्हणून ओढणी काढून डोळ्यांवरून डोक्यामागे गाठ मारली. मग तिचे हात निघाले. बोट ढिगात उतरे, खुंटी शोधी, तिचे जाड टोक कोणते आणि बारीक कोणते हे अंगठ्याने फिरवून ओळखी, भोकाच्या कडेला क्षणभर टेके आणि आत जाई. इतकी वर्षे त्यांनी किती विद्यार्थ्यांचे हात पाहिले होते, त्यांत असे हात पाहिले नव्हते. पत्र्यावर ऊन तडतडत होते, बायकांनी श्वास रोखला होता. भिंतीशी उभी असलेली सत्यभामा प्रत्येक खुंटीबरोबर आपली बोटे किंचित मिटत होती, उघडत होती. शेवटची खुंटी बसली. टाळ्या वाजल्या, कुणी तरी शिट्टीही वाजवली. मोहनरावांनी घड्याळ सरांच्या तोंडासमोर धरले.

तुळजेने गाठ सोडली. उजेडाने तिचे डोळे बारीक झाले होते. तिने पाटीकडे पाहिले, मग सरांकडे, विजयी न होता, एखाद्या अडलेल्या म्हाताऱ्याला रस्ता दाखवावा तशा समजूतदारपणे.

"लिहा आता, सर," ती म्हणाली.

त्यांनी आधीचा शब्द खोडला. आयुष्यात प्रथमच त्यांच्या कागदावर खाडाखोड झाली होती. मग पेन तसेच धरून, खालमानेने, त्यांनी निवडीच्या यादीसाठी तिचे पूर्ण नाव विचारले.

"तुळजा धुळाजी देवकते," ती खणखणीत आवाजात म्हणाली. आणि त्यांना ऐकू गेले नसेल असे वाटून तिने ते पुन्हा एकदा सांगितले.